कल नाही, उद्या म्हण

आर. के. पुरम, नवी दिल्ली
रविवार

प्रिय तेजू,

पाकीट बघून हसशील. व्हॉट्सॲप कर ना आई, ये क्या है यार, म्हणशील. बाबा शंकरपाळ्यांच्या डब्याबरोबर हे तुझ्या हॉस्टेलवर आणून देतील. आत काय लिहिलंय ते त्यांना ठाऊक नाही. आपण दोघी फोनवर हिंदीत बोलतो, आणि हे मला हिंदीत सांगता येणार नाही. मराठी वाचायला तुला वेळ लागेल. लागू दे. एका बैठकीत नाही झालं तर दोन बैठकांत वाच, पण शेवटपर्यंत वाच.

इकडे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा आता बरा आहे, तरी जिना उतरताना कण्हतात, बहुतेक मला ऐकू यावं म्हणून. मंगळवारी तुझा फोन आला, त्यानंतर माझं कशातच लक्ष लागेना, म्हणून काल वरचं कपाट काढलं. तळाशी तुझा अबोली रंगाचा फ्रॉक निघाला. आजीने शिवलेला शेवटचा. आठवतो तुला? तिने भुसावळहून फोनवर सांगितलं होतं की यात माया भरपूर ठेवलीय, आणि तू विचारलंस, “माया कौन, आजी?” ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने समजावलं की शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पोर वाढली की उसवायची, म्हणजे फ्रॉक आणखी एक वर्ष येतो. त्यानंतर तू घरातला प्रत्येक कपडा उलटा करून माया शोधायला लागलीस. सरोजिनी नगरच्या दुकानदाराला सांगितलंस, “भैया, इसमें माया नहीं है,” तर तो म्हणाला, “बेटा, इतने में माया कहाँ मिलेगी?” ते मी आजीला सांगितलं, तिने अख्ख्या गल्लीला.

तुमचं दोघींचं असंच चालायचं. तुला ळ म्हणता यायचा नाही. बाळला तू बाल म्हणायचीस आणि आजी म्हणायची, मी काय न्हावी आहे का गं, बाल घेऊन काय करू? तिला तुझ्या चुका गोड वाटायच्या. मला नाही वाटायच्या. मला धास्ती होती की दिल्लीत वाढलेली माझी मुलगी माझ्या भाषेबाहेर निघून जाईल. म्हणून मी तुला सारखी अडवायची. चाबी नाही, किल्ली. खिडकी बंद नाही करायची, लावायची. तू एखादी गंमत सांगत धावत यायचीस आणि मी ती गंमत अर्ध्यात तोडून शब्द सुधारायची. मग तू तो सुधारलेला शब्द घालून सगळं पहिल्यापासून सांगायचीस. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा.

तू दुसरीत होतीस. मार्च महिना होता, बाबा लखनौला दौऱ्यावर गेले होते. आजी आपल्याकडे यायची होती, तिचं तिकीट वेटिंगवर होतं, ते कधी पक्कं होतंय याची तू दिवसातून चारदा चौकशी करायचीस. त्या दिवशी मी साडेसहाला ऑफिसातून आले तर तू दारातच उड्या मारत होतीस, “आई, आजीचा फोन आला, आजी कल येतेय!” शेजारच्या विनयामावशी तुला सोबत म्हणून बसल्या होत्या, त्याही हसत होत्या. आणि मी चपला काढता काढता म्हणाले, “कल नाही, उद्या म्हण.” तू दम खाल्लास आणि शहाण्या मुलीसारखं म्हणालीस, “आजी उद्या येतेय.”

मी भुसावळला फोन लावला. नुसता वाजत राहिला. गाडीत बसली असेल, असं मी तुला सांगितलं. सकाळी आपण निजामुद्दीनला गेलो. तू हाच अबोली फ्रॉक घातला होतास. तिकडून येणाऱ्या दोन गाड्या येऊन गेल्या. तू प्रत्येक डब्याच्या दारात उभ्या असलेल्या नऊवारीतल्या बाईला हात करत होतीस. तिसऱ्या गाडीची घोषणा होत होती तेव्हा माझा मोबाइल वाजला. सुधन्वामामा होता. शेजाऱ्यांनी दार तोडलं होतं. आजी फोनजवळच्या खुर्चीत होती. आदल्या संध्याकाळीच गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले.

भुसावळला घर माणसांनी भरलं होतं. मामाने विचारलं, तेजूशी बोलली ना ती, काय म्हणाली नेमकं? तू माझ्या पदराआड होतीस. तू आजीच्या आवाजात, तिच्यासारखंच थांबत थांबत म्हणालीस, “आईला सांग, कल येतेय.”  सगळ्यांना ळ ऐकू आला, तेजू. तुझ्या तोंडून न निघालेला ळ. मामा म्हणाला, “कळ म्हणाली असेल गं ती. छातीत कळ येत असेल. दिल्लीची पोर, तिला काय कळणार कळ.” त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं. कोणीच तुला रागावलं नाही. उलट तुला जवळ घेऊन खाऊ दिला, आणि तू तो मुठीत धरून बसलीस. पुढे ती गोष्ट नात्यात फिरत राहिली. लग्नात, मुंजीत कोणी ना कोणी सांगायचं की मुलांना मराठी शिकवा हो, त्या उत्तराच्या मुलीचं ठाऊक आहे ना. मी तिथे असायचे. कधी भाजी वाढत, कधी पानं उचलत. मी काही म्हणाले नाही.

तुझं मराठी एकदम थांबलं नाही. आधी तू ळ असलेले शब्द गाळायला लागलीस. केळं मागायचं असलं तर बोट दाखवायचीस. मग घरातही हिंदीतच उत्तरं द्यायला लागलीस, आणि मी तुला अडवणं सोडून दिलं. लोक म्हणायचे, शाळेचा परिणाम. मीही हो म्हणायचे.

आणि मग या मंगळवारी तुझा फोन. परभणीकडचे एक आजोबा, मुखर्जीनगरला परीक्षेची तयारी करणाऱ्या नातीकडे आलेले. नात क्लासला गेलेली, म्हणून घरमालकीण त्यांना तुमच्या हिंदूराव हॉस्पिटलला घेऊन आलेली. ती बाई तुला सांगत होती, “बाबा कह रहे हैं, कल आए हैं.” आणि तू त्यांच्याकडे वळून मराठीत विचारलंस, “आजोबा, कळ येतेय का? कुठे?” त्यांनी छातीवर हात ठेवला. पुढचं सगळं वेळेत झालं, ते आता बरे आहेत, हे तू भराभर सांगितलंस. मी पहिल्यांदाच तुझ्या तोंडून ळ ऐकला. स्वच्छ, जीभ मागे नेऊन म्हटलेला. मग तू मराठीतच म्हणालीस, “आई, या वेळी मी नाही चुकले.” मी फक्त “शाबास” म्हणाले आणि फोन ठेवला.

या वेळी. ते दोन शब्द तेव्हापासून माझ्याबरोबर घरभर फिरताहेत. मला वाटलं होतं तू विसरलीस. लहान होती, विसरली असेल, असं मी स्वतःला सांगत आले. तू डॉक्टर का झालीस हेही मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं तर काय उत्तर येईल, याची भीती वाटायची.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तुझ्याशी बोलण्याआधी, त्याच दुपारी, आजीने मला ऑफिसात फोन केला होता. अडीच वाजले होते. लोकसभेतल्या एका प्रश्नाचं उत्तर चार वाजायच्या आत वर पाठवायचं होतं, साहेब माझ्या टेबलाशी उभे होते. आजी म्हणाली, “उत्तरा, छातीत कळ येतेय गं सकाळपासून.” आणि मी म्हणाले, “जरा कळ काढ ना आई, घरी गेल्यावर फोन करते.” एकच शब्द. तिने तो दुखण्यासाठी वापरला, मी तो ‘थांब’ म्हणण्यासाठी वापरला. तिने दीड तास कळ काढली आणि मग घरी फोन केला, तो तू घेतलास. संध्याकाळी तू “कल येतेय” म्हणालीस, तेव्हा मला कळायला हवं होतं; तोच शब्द चार तासांपूर्वी मी माझ्या कानांनी ऐकला होता. कळलंही असेल, क्षणभर. पण ती गाडीत बसली असेल तर ती बरी आहे, आणि ती बरी असेल तर माझं काही चुकलं नाही. मला तो अर्थ हवा होता. म्हणून मी तुझा शब्द सुधारला आणि निरोप पक्का करून टाकला. आजीचा पहिला फोन कोणाला गेला होता, हे मी मामाला सांगितलं नाही, बाबांना सांगितलं नाही. आठ वर्षांच्या मुलीच्या न येणाऱ्या ळ च्या मागे मी पंधरा वर्षं लपून राहिले. तू तेव्हाही चुकली नव्हतीस, तेजू. तुला ऐकू आलं तेच तू सांगितलंस. ऐकलं नाही ते मी. हे पत्र तुझ्या हाती पडेल त्या दिवशी मी मामाला फोन करणार आहे, बाबांनाही सांगणार आहे. पण आधी तुला कळावं. इतकी वर्षं तू स्वतःलाच बोल लावत आलीस. आता तो मला लाव. हिंदीत लाव, मराठीत लाव, शब्द चुकला तरी चालेल. मी मध्ये अडवणार नाही. पण बोल.

तुझीच,
आई