सोमवारच्या तेवीस विहिरी

२४ नोव्हेंबर, सोमवार

मेळाव्याला एकोणीस दिवस उरले. सकाळी प्राचार्यांना पाचव्यांदा समजावलं — ‘पाझर’ हे सॉफ्टवेअर आहे, जमिनीखालचं पाणी कसं मुरतं, कुठे जातं, कुठल्या विहिरीत किती राहील याचा अंदाज ते संगणकावर काढतं. ते वापरणारे आणि आम्ही ते लिहिणारे पहिल्यांदाच सांगलीत एकत्र जमणार आहोत. सगळं ऐकून सर म्हणाले, "छान, छान. दीपप्रज्वलनाला समई कुणाची आणायची?"

दुपारी साताऱ्याहून विश्वजित सरांचा फोन. पाझरची पहिली ओळ त्यांनी लिहिली, त्यामुळे आमच्यात त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "कीर्ती, प्राध्यापकांची भाषणं पुरेत. आटपाडीच्या त्या सुभेदारांना बोलव. दर सोमवारी तेवीस विहिरी मोजणारा दुसरा माणूस आपल्याकडे नाही."

मी हो म्हटलं. नाथाजी — नेमके नाथाजीच!

२५ नोव्हेंबर

लिहूनच टाकते. इथे कोण वाचायला येतंय.

आटपाडीला पाणी समित्यांसाठी मी शिबिर घेतलं होतं, तिथे नाथाजी पाझर शिकले. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, मुलीचा जुना लॅपटॉप. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी आमच्या ईमेल गटावर तक्रार लिहिली. "पाऊस नाही, कालव्याचं पाणी नाही, तरी कॉम्प्युटर म्हणतो विहिरीत पाणी चढलं. माझ्या दोरीनं पाणी उतरलं आहे. कृपया बघावे."

मी बघितलं नाही. त्या दिवशी घाई होती, आणि खरं सांगायचं तर विहिरीत दोरी सोडून मोजतात हे वाचूनच मी ठरवून टाकलं होतं, चूक त्यांचीच. उत्तर दिलं — "चूक सॉफ्टवेअरमध्ये नाही. आधी नीट मोजायला शिका, मग तक्रार करा." तक्रार बंद! दोघातिघांनी खाली हसरे चेहरे टाकले. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे सगळ्यात वाईट.

दीड वर्षानं चूक मलाच दिसली. खालचा कातळ तिरका असेल तर दोन थरांच्या सीमेवर पाझर तेच पाणी दोनदा मोजत होतं. मी गुपचूप दुरुस्ती केली. त्यावर शोधनिबंध लिहिला. त्या निबंधावर सहयोगी प्राध्यापक झाले. निबंधात नाथाजींचं नाव नाही, आभारातसुद्धा नाही. आभारात माझ्या नवऱ्याचं आहे. भरतेशला हळदीच्या भावापलीकडे काही कळत नाही!

२८ नोव्हेंबर

आमंत्रण फोनवर देता आलं असतं. चारदा नंबर काढला, चारदा फोन खाली ठेवला. रविवारी जाऊनच येते.

३० नोव्हेंबर, रविवार

आटपाडीच्या अलीकडे वस्तीवर घर. मागे डाळिंबाची बाग. नाथाजी अंगणातच उभे होते, इस्त्रीचा शर्ट, पाठ ताठ.

"आवं म्याडम, तुमी सोता आला? फोन केला असता तरी भागलं असतं की."

त्यांच्या पत्नी विजयमालाबाई चहा घेऊन आल्या. "ह्याच व्हय तुमच्या कॉम्प्युटरच्या म्याडम? लय नाव घेत्यात तुमचं."

कोणत्या अर्थानं घेतात ते विचारायचं धाडस झालं नाही.

मेळाव्याचं सांगितलं. तुमचे आकडे सगळ्यांना दाखवा, विश्वजित सरांची फार इच्छा आहे, वगैरे. नाथाजींनी कपाटातून पाच वह्या काढल्या. २०१७ पासून प्रत्येक सोमवार, तेवीस विहिरी, फूट आणि इंच, बाजूला ढग होते का ऊन होतं तेही. इतकं स्वच्छ काम मी माझ्या विद्यार्थ्यांकडूनही कधी पाहिलेलं नाही. पाचव्या वहीत शेवटची नोंद १४ फेब्रुवारी २०२२. तिच्याखाली पट्टीनं ओढलेली रेघ आणि पुढे कोरी पानं.

"पुढच्या वह्या?" मी विचारलं.

"न्हाईत. तुमी लिवलं न्हवतं का, मोजायची चूक आमची हाय म्हणून? मग म्या थांबलो. फौजेत आमाला एकच शिकिवलं म्याडम, खोटा रिपोर्ट देन्यापरीस न दिल्याला बरा. गावात ग्रामसभेत बी सांगून टाकलं, माझी दोरी चुकतीया, माझ्या आकड्यावर कुणी जाऊ नका."

आवाजात राग नाही. टोमणा असता तर मी त्याला धरून काहीतरी बोलले असते. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, बस्स.

तीन वर्षं नऊ महिने. जवळजवळ दोनशे सोमवार. त्या विहिरींत त्या दिवशी किती पाणी होतं हे आता जगात कुणालाही सांगता येणार नाही, आणि ते माझ्या दोन ओळींमुळे. तिथेच सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात विजयमालाबाईंनी डाळिंबांची पिशवी मांडीवर ठेवली. मी पिशवी घेतली, आमंत्रण दिलं आणि निघाले.

मला माझी किळस येतेय.

५ डिसेंबर

समितीची बैठक. पाझरमधली आजवरची सर्वोत्तम सुधारणा म्हणून मानचिन्ह द्यायचं ठरलं. कुणाला? मला! त्याच दुरुस्तीसाठी.

मी नको म्हणाले. पण कसं म्हणाले ते मलाच माहीत — लग्नात आग्रहाची जिलेबी नको म्हणतात तसं. त्यांनी आग्रह केला, मी ऐकलं. विश्वजित सर म्हणाले, "अगं, ती चूक शोधणं सोपं नव्हतं." मी मान डोलावली.

९ डिसेंबर

न राहवून भरतेशला सगळं सांगितलं. तो पेठेतून नुकताच आला होता, हळदीनं पिवळे हात धूत होता. म्हणाला, "मग सांगून टाक की. कोण फाशी देणार आहे तुला?"

फाशी नाही रे. पण दारावरची पाटी, निबंध, बढतीच्या मुलाखतीत मी फुशारकीनं सांगितलेली ती गोष्ट — "एका दुपारी मला अचानक सुचलं"! सगळे परत वाचतील आणि हसतील. मी हसले होते तसे.

व्यासपीठावरून सांगायचं ठरवलंय. नाव घेऊन. चार वाक्यं लिहून काढली आहेत.

१२ डिसेंबर

एकशे दहा जणांची नोंदणी झाली. बिल्ले आले. नाथाजींच्या बिल्ल्यावर छापणाऱ्यानं ‘प्रा.’ लावलंय, ते आता खोडायचं कसं? राहू दे. चार वाक्यं पाठ आहेत.

१३ डिसेंबर, शनिवार

नाही सांगितलं.

सगळं नीट पार पडलं. समई पेटली, पाझरची नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर सगळ्यांना दिली, जेवण संपलं तरी लोक बोलतच होते. नाथाजी पंधरा मिनिटं बोलले. पाच वर्षांचे आकडे दाखवले आणि शेवटी म्हणाले, "ह्यात मोजायची चूक असू शकती, तज्ज्ञांनी तपासून घ्यावं." सभागृहात कुणाला काही वाटलं नाही. विनय म्हणून टाळ्या पडल्या.

मग माझं मानचिन्ह. शाल, श्रीफळ, फोटो. माईक हातात आला. चार वाक्यं होती — माझ्या तोंडून एकच निघालं, "आटपाडी भागातल्या एका वापरकर्त्याच्या तक्रारीवरून मला ही दिशा मिळाली." एका वापरकर्त्याच्या! तिसऱ्या रांगेत नाथाजी टाळ्या वाजवत होते.

चहाच्या वेळी ते बाजूला येऊन उभे राहिले. हळूच विचारलं, "म्याडम, ती तक्रार आमची हुती का दुसऱ्या कुणाची?"

शेवटची संधी होती. आजूबाजूला कुणी नव्हतं, माईक नव्हता, एक म्हातारा माणूस फक्त विचारत होता. आणि मी म्हणाले, "तशा बऱ्याच जणांच्या होत्या, सुभेदारसाहेब."

"व्हय का. बरं झालं, दुरुस्त झालं म्हंजे झालं."

विट्याची एसटी गाठायची म्हणून ते निघाले. मी गेटपर्यंतसुद्धा गेले नाही.

१४ डिसेंबर

दिवसभर अभिनंदनाचे मेसेज. एकालाही उत्तर दिलं नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी ईमेल गटावर नाथाजींची तक्रार. पावणेचार वर्षांनंतरची पहिली.

"मेळाव्यात मिळालेल्या नव्या आवृत्तीत जुने आकडे घातले. आता उलटं होत आहे. चांगला पाऊस होऊनही तेवीसपैकी नऊ विहिरींत कॉम्प्युटर पाणी चढू देत नाही. या सोमवारी पुन्हा दोरी टाकली, तेही आकडे जोडले आहेत. माझीच मोजणी चुकली असणार. तसे असल्यास माफी असावी."

कॉलेजात जाऊन त्यांच्या आकड्यांवर पाझर चालवलं. दुपारी दोनपर्यंत तपासलं. दोनदा मोजलं जाणारं पाणी थांबवताना मी कातळावरून खाली झिरपणारं खरं पाणीही अडवलंय. माझी दुरुस्ती चुकीची आहे. म्हणजे निबंध चुकीचा, मानचिन्हही. आणि माफी ते मागताहेत!

खाली उत्तर लिहिलं —

"सुभेदारसाहेब, तुमची मोजणी बरोबर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्येही बरोबर होती. तेव्हाची चूक सगळ्यांत आधी तुम्हीच दाखवलीत आणि मी न बघता तुम्हाला गप्प केलं. पुढे तीच चूक मी माझ्या नावावर शोध म्हणून खपवली. शनिवारी तुम्ही विचारलंत, ती तक्रार तुमचीच होती. आजची चूक माझी आहे."

गटावरच पाठवलं, सगळ्यांना.