जास्वंदीच्या माश्या आणि वेंडलचा ट्रक

प्रिय लॉरेटा,

इडिथमावशीचा फोन तुला यायच्या आत हे पत्र पोचावं, म्हणून हातातलं काम टाकून लिहायला बसलेय.

एप्रिलमध्ये आलीस तेव्हा खाडीकाठच्या वाळक्या काड्या बघून म्हणाली होतीस, आई, मेलंय ते, उपटून टाक. नाही उपटलं तेच बरं झालं. आपली दलदलीतली जास्वंद मुळात उशिरा उठणारी. सगळा काठ हिरवा झाला की मग ही कोंब काढते. आता माझ्या डोक्याच्या वर गेलीय. बशीएवढी पांढरी फुलं, आत लालभडक डोळा. सकाळी उमलतात, संध्याकाळी मिटली की संपलं. पण दुसऱ्या दिवशी नवी तयार असतात, त्यामुळे वाईट वाटून घ्यायला सवडच मिळत नाही. तुझे बाबा म्हणायचे, ही बी होऊन भरतीबरोबर तरंगत आली, आपण लावलेली नाही, तेव्हा हिच्यावर हुकूम चालवायचा नाही.

जास्वंदीच्या परागावर जगणाऱ्या त्या काळ्या गुबगुबीत मधमाश्याही आल्यात. डबक्यातलं पाणी पितात, आपल्या गाडीवाटेच्या टणक मातीवर सोडतात आणि माती मऊ करून बिळं पाडतात. यंदा वाटेची पार चाळणी झालीय.

वेंडल आठवतो ना, खेकड्यांच्या बोटीवाला? मे महिन्यात छप्पर गळत होतं, तेव्हापासून येतो. छप्पर केव्हाच दुरुस्त झालं, तरी येतो. माश्या आल्यापासून मात्र ट्रक आत आणत नाही. का रे, विचारलं तर म्हणे, त्यांच्या घरांवरून चाक कसं घालू? म्हणून ट्रक भर रस्त्यावर, चर्चसमोर, रविवारीसुद्धा. घरामागे लावला असता तर कुत्र्यालाही कळलं नसतं. आता मी दुपारी खेकड्याचे वडे कुणाला खाऊ घालते ते गावभर झालंय. इडिथमावशी भर दुकानात म्हणाली, अगं, त्या ट्रकचा मुक्कामच आहे तिथे, टपालपेटी तरी लावून दे त्याला. आणि मला राग यायच्या ऐवजी हसूच आलं. बाबा गेल्यापासून इतकी हसले नव्हते मी.

काल त्याने लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं. परवानगी मागत नाहीये तुझी, पण तू आली नाहीस तर मला काही गोड लागणार नाही. फुलं आहेत तोवर, ऑगस्टमध्येच करायचं म्हणतोय आम्ही. बाबांच्या जागी कुणी येत नाहीये, बाळा, ती जागा आहे तिथेच आहे. तू ये. आणि गाडी आत आणू नकोस. रस्त्यावरच लाव, वेंडलच्या ट्रकच्या मागे, सगळ्या गावाला दिसेल अशी.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई