बोडीजवळचं लाल वळण

११ नोव्हें. मंगळवार
नात निशा घरूनच काम करते, नागपूरच्या साहेबाचं. लॅपटॉपात रस्ता काढाचा, मंग साहेबानं भरून देल्ले नियम त्याच्यावर लावाचे. चुकलं तिथं लाल. आज आपल्याच गावचा रस्ता आला. बोडीजवळ, तळ्याच्या वळणावर, लालेलाल. "आजी, पासष्टच्या स्पीडले हे वळण लई तंग आहे." म्हटलं, हे सांगाले मशीन कायले पायजे? तीन माणसं मेली तिथं. मले विचारलं असतं तं फुकटात सांगितलं असतं.

१२ नोव्हें.
विचारलं, रस्ता नवा, मंग वळण जुनंच काऊन? म्हणे, मधात मंदिर आहे. कोणतं मंदिर? बोट ठेवून दाखवलं. अरे बाप्पा! ते तीन दगड! मेलेल्यांच्या नावानं आम्हीच मांडले, शेंदूर आम्हीच फासला. पयला माह्या बुढ्याचा, निशाच्या आजोबाचा. धानाची बैलबंडी उलटली, खाली सापडला. मोजणीवाल्यानं शेंदूर पाह्यला, मंदिर लिवलं, गेला निघून. म्हणजे माह्या बुढ्याले वाचवाले रस्ता तिथंच वळवून राहिले, जिथं बुढा मेला. थू.

१४ नोव्हें.
साहेबाचा फोन. निशानं आवाज मोठा ठेवला होता. "अरे मॅडम, रूल में पैंसठ का चालीस कर दो, लाल चला जाएगा." केलं तिनं. गेलं लाल. रस्ता तसूभर नाही हलला. म्हणे, गाड्या तिथं हळू चालतील असं धराचं.
"कोण चालवल हळू? धानाचा ट्रक?"
 नकाशाच्या खालच्या चौकटीत 'तपासणारी' म्हणून तिचंच नाव. तिच्या हातची भाजी तोंडात घालू नये वाटलं. जेवली मी. भूक होती.

१६ नोव्हें. रविवार
वळण सरळ कराले दगड काढाचे तं गावाचं लेखी लागते, निशा म्हणे. मी यमुनाकडे गेली. तिसरा दगड तिच्या मोठ्या पोराचा.
"आता ते देव झाले बाई. माह्या लहान सुनेले तिथल्याच नवसानं पोरगा झाला."
"नवसानं नाही, नवऱ्यानं झाला."
"तोंड आवर, म्हातारे!"
चहा बी नाही देल्ला. बाकीच्या बाया तं दारातच हात जोडून मोकळ्या.

१८ नोव्हें.
सकाळी मी सब्बल घेऊन गेली. बुढ्याचा दगड उपटला. बाकीचे ज्याचे त्यानं उपटावे. घमेल्यात घालून आणला, न्हाणीत ठेवला. पाय घासाले बरा आहे.
दुपारी पाहते तं खड्ड्यात नारळ, उदबत्ती. खड्ड्याले पुजून राहिले! किळस आली.
निशानं दगडाचा फोटो साहेबाले धाडला, लिवलं, मंदिर नाही, नकाशा दुरुस्त करा. लगेच फोन. "मंदिर का मॅटर मत छेड़ो. पाँच बजे तक फाइल भेजो, नहीं तो दूसरी लड़की कर देगी."
दुसरीले काय, तिनं हे वळण पाह्यलं बी नसल.
निशानं चाळीस खोडून पासष्ट केलं. लाल. परत चाळीस. परत पासष्ट. साडेचार होऊन गेले.
"कोणतं धाडतेस?"
"आजी, तू चूप बस."
बसली.