हार्टलँड आणि मसालेभात

११ ऑगस्ट २०१४, नेकारसुल्म, जर्मनी
सासरे, म्हणजे अण्णा, पुण्याहून आलेत. इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. लग्नाला बारा वर्षं झाली, पण मी इथे कारच्या कारखान्यात, म्हणून अजून माझी ओळख 'आमचे गाडीवाले जावई' अशीच करून देतात. बस्स झालं! इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत माझं भाषण : 'भूराजनीती आणि युरेशियावाद'. अध्यक्ष विभावरीताईंनी पाऊण तास दिलाय. अण्णांच्या तोंडून एक 'वा!' काढणारच. रोज पहाटे पाचला वाचन.

१२ ऑगस्ट, सकाळी ८
उठलो नाही. जर्मन उशा फार मऊ.

१९ ऑगस्ट
विषय हातात आला. शंभरेक वर्षांपूर्वी एक इंग्रज म्हणाला, युरेशियाचा मध्य, म्हणजे हार्टलँड, ज्याच्या हाती, त्याच्या हाती जग. बिचाऱ्याने आपल्या लोकांना सावध करायला लिहिलं. ते आधी जर्मनांनी उचललं. पुढे रशियातल्या नव्या युरेशियावाद्यांनी तोच इशारा आपला प्लॅन करून टाकला! इशाऱ्यालाच प्लॅन समजणारी माणसं! मी पोट धरून हसलो. माझी बायको मालिनी हसली नाही. लेकीला, शिवांगीला, समजावलं. कंटाळवाणं आहे, असं तिने जर्मनमध्ये सांगितलं.

२७ ऑगस्ट
पाऊण तासाची वीस मिनिटं झाली. मुलांचे दोन डान्स वाढले. आल्झो, म्हणजे असो, सार वीस मिनिटांत मावतं.

२९ ऑगस्ट
हॉल बघून आलो. स्टेज एका कोपऱ्यात. छे! मी मधोमध उभा राहून बोलणार. मालिनीने बजावलं, तिथे उभा राहू नकोस, किचनमधून जेवण तिथूनच येतं. गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणजे हॉलचा हार्टलँड तोच. बायको माझाच मुद्दा मला सांगते आणि तिला पत्ता नाही.

३० ऑगस्ट
आरती लांबली. वीसची दहा झाली. मधोमध उभा राहिलो, 'युरेशिया' म्हणालो, तेवढ्यात मसालेभाताचं पातेलं आलं. जरा बघता का, म्हणत विभावरीताईंनी माझ्या हातात डाव दिला. दोन्ही बाजूंनी रांगा लागल्या. हार्टलँड माझ्या ताब्यात, पण सुटायची सोय नाही. सगळ्या हॉलला वाढलं. वाढता वाढता भाषणातलं 'समुद्रसत्ता' म्हणालो, तर एकाने लिंबू मागितलं.

शेवटी अण्णा आले. पाठीवर हात ठेवून म्हणाले, वा! मी डाव खाली ठेवला. म्हणाले, सुधीरराव, भात काय एकसारखा वाढलात! दिवाळीलाही तुम्हीच वाढा.

गाडीत मालिनीला म्हटलं, बघ, शेवटी काढलाच की नाही 'वा'! ती म्हणाली, आधी शर्टावरचा भात काढ.