भोपळ्याचा पहिला काप

१९ नोव्हेंबर १९४३
माळ्यावरच्या दोन भोपळ्यांपैकी मोठ्याला देठाशी काळा डाग. परवा चवलीएवढा होता, आज रुपयाएवढा. दाखवला तर सासूबाई म्हणाल्या, "बाबू आला की चिरेल." बाबू म्हणजे हे. मार्चपासून पत्र नाही. बोट कुठल्या समुद्रात आहे ते गोदीतल्या कचेरीलाही ठाऊक नाही. तांदूळ चार दिवसांचे उरलेत आणि भोपळे मात्र त्यांच्यासाठी राखून ठेवायचे.

२० नोव्हें.
मुर्ध्याला धाकट्या भाऊजींकडे निरोप धाडला, येऊन तेवढी सुरी लावून जा म्हणून. हे बोटीवर असले की दर वर्षी तेच लावतात. अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिला काप द्यायचा नाही, कापणारीच्या घरातल्या थोरल्या मुलाच्या जिवावर येतं. पुरुषानं एकदा सुरी टेकवली की मग चिरा, सोला, शिजवा, उष्टी काढा, सगळं बाईचंच. असं का, तर असंच.
भाऊजींचा उलटा निरोप: मिठागरात बांधाचं काम निघालंय, आठवड्यानं बघतो.
आठवड्यानं काय बघणार. पाणी झालेलं बघतील.

२२ नोव्हें.
चिरला. मी.
सासूबाई देवळात गेल्या होत्या. विळीवर मावेना म्हणून कोयता घेतला. आत सगळा चांगला निघाला, केशरी, जाड गराचा. देठाजवळ चार बोटं तेवढा नासला होता. हे घरी असते तर म्हणाले असते, बघ, वेळेवर हात घातलास.
सा. आल्या, पाहिलं, पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, "माझ्या लेकावर सुरी चालवलीस."
भूक लागली होती, असं मी म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नसावं.

२५ नोव्हें.
चिरलेला भोपळा थांबत नाही. खाणाऱ्या दोघी, त्यातल्या एकीनं तोंड फिरवलेलं. भाजी झाली, भरीत झालं, सालींची चटणी झाली, बिया सुपात वाळताहेत. गूळ नाही, म्हणजे घारगे नाहीत. सा. मीठ घालून पेज पितात. ताटात भोपळा दिसला की ताट सरकवतात. सरकवू देत. मी त्यांच्या वाटणीचाही खाल्ला, आणि रडत रडत खाल्ला हेही इथं लिहून ठेवते.
उरलेला गर इनासबाईला दिला. उत्तनची किरिस्ताव कोळीण, सुकी मासळी घेऊन येते ती. डुकराला घालीन म्हणाली आणि मूठभर बोंबील ठेवून गेली. तिला सगळं सांगितलं तर हसली. "आमच्यात कोन पन कापतं. भोपला हाय, पोर न्हाय."
तिला काय. तिचा नवरा रोज संध्याकाळी होडी ओढून घरी येतो.

४ डिसें.
शेजारची यमुना पदराखाली भोपळा घेऊन मागच्या दारानं आली. तिचा नवरा कुर्ल्याला, मिलिटरीच्या डेपोत. महिन्यातून एकदा येतो. म्हणाली, "वैनी, तूच लाव ना सुरी. तुझं आता काय…" आणि थांबली.
लावली. तिनं एक फोड ठेवली.

१३ डिसें.
आणखी तिघी येऊन गेल्या. आळीत पुरुष उरलेत ते दोन म्हातारे, त्यांची बोटं विळा धरायलाही वळत नाहीत, आणि पाळण्यातले. तेव्हा भोपळा आला की चला माझ्याकडे. एक काप, एक फोड.
"तुझं आता काय" याचं पुढलं मला कळतं. माझ्या कोयत्यानं ज्यांच्या जिवावर यायचं ते आधीच गेलेत, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. गोदीतल्या कचेरीला पत्ता नाही, पण आळीला आहे.
फोडी मात्र घेते. पोट काही मानापमान बघत नाही.

२८ डिसें.
घरात जिकडेतिकडे भोपळा. कण्या भरडून त्यात गर मळून भाकऱ्या थापते, मोडतात, तशाच खाते. उरला तो किसून मीठमिरची लावली, छपरावर सांडगे घातले. निम्मे कावळ्यांनी नेले. चिवडलेले यमुनाच्या म्हशीला.
काल पेजेचं भांडं कलंडून सा.चा पाय भाजला. गर ठेचून लेप बांधला. पाय मागे घेतील वाटलं होतं. घेतला नाही. आज पट्टी सुटली तेव्हा पाय आपणहून पुढे केला.

१६ जाने. ४४
यमुनाकडे हळदीकुंकू झालं. सगळी आळी गेली होती. मला बोलावणं नाही. गळ्यात मंगळसूत्र आहे, कपाळ रिकामं नाही, आणि मी ओट्यावर बसून त्यांच्या बांगड्या ऐकत होते.
दुसरं कुणी असतं तर एवढं लागलं नसतं. या यमुनाच्या बाळंतपणात मी सहा रात्री जागले आहे.

१८ जाने.
यमुना मागच्या दारानं. पदराखाली भोपळा.
कुंकवाला मी चालत नाही, कोयत्याला चालते. तोंडावर विचारलं. म्हणाली, बायका बोलतात गं, मी कुठं काय म्हणते. मी म्हटलं, "त्या दिवशी 'तुझं आता काय' म्हणालीस, ते आज पुरं कर." तिनं भोपळा पुढे सरकवला.
चिरून दिला. फोड नाही घेतली, अर्धा ठेवून घेतला. 

२० जाने.
तो अर्धा भोपळाही नासला, खायची इच्छाच झाली नाही. केळीच्या बुंध्यात पुरला.

१ फेब्रु.
रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. कुणी आलं नाही, कुणी बोलावलं नाही.
संध्याकाळी सा. म्हणाल्या, "मी विधवा, माझा हात तुला चालायचा नाही. नाहीतर मीच कुंकू लावलं असतं." सवाशे दिवसांत त्या पहिल्यांदा माझ्याशी आपणहून एवढं बोलल्या. सवाशे नसतील. मला तेवढे वाटले.

५ फेब्रु.
आज सकाळी सा. स्वतः शिडी लावून माळ्यावर चढल्या. दुखरा पाय घेऊन. खाली उतरल्या त्या दुसरा भोपळा घेऊन, तो बाबूसाठी राखलेला धाकटा. माझ्यासमोर ठेवला, शेजारी कोयता ठेवला.
"चिर," म्हणाल्या.
भाऊजींना बोलावते, म्हटलं.
"नको. तूच चिर."
आळी म्हणत होती तोवर मला राग येत होता, रागावर माझं बरं चाललं होतं. आज ही बाई, जी लेकाच्या नावानं पेज पिऊन राहिली, तिनंही कोयता माझ्याकडे सरकवला. म्हणजे आता घरात वाट बघणारं कुणी उरलं नाही.
भोपळा उचलला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला. घरात कण्या मूठभर, आणि मी काय म्हणाले, तर, "अजून चांगला आहे. टिकेल." शिडी चढून परत माळ्यावर ठेवला.
खाली आले तेव्हा सा. पायरीवर बसल्या होत्या, त्या दिवशी बसल्या होत्या तिथंच.

६ फेब्रु.
पेज. वर कावळ्यांपासून वाचलेले सांडगे भाजून. सा.नी दोन खाल्ले.

११ फेब्रु.
रोज सकाळी वर जाऊन देठाशी हात फिरवते. आज बोटाला मऊ लागलं. की तसंच वाटलं? माळ्यावर उजेड कमी आहे. उद्या दार पुरतं उघडून बघीन.
सा.नी खालून विचारलं, कसा आहे.
चांगला आहे, म्हणाले.