अर्धी शाल आणि आईची कढई

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच. हातमागावर बसून कंबर अशी धरली आहे की प्रत्यक्षात एखाद-दुसरंच अंग टेकेल.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून फोनवर आधी तोच बोलतो? आम्ही ठीक आहोत. 'ठीक' लिहिताना जरा थबकलो, कारण तुझी भावजय सध्या माझ्याशी कामापुरतंच बोलते. पण प्रकृती दोघांचीही उत्तम आहे, तेव्हा शब्द राहू देतो.

मागे फोनवर तू म्हणालीस, "आई गेली, आता तिथं कशाला येऊ?" मला उत्तर सुचलं नाही. मला उत्तरं फोन ठेवल्यावर सुचतात, हे तुला ठाऊकच आहे. या वेळी फोन ठेवल्यावरही सुचलं नाही, म्हणून तुझ्यासाठी शाल विणायला घेतली.

रंगवून ठेवलेली लोकर होती, ती निम्म्या शालीतच संपली. पण त्या निम्म्या शालीचा रंग काय सांगू! कांद्याच्या सालींचा, तरी सावलीतल्या शेवाळासारखा हिरवा, जरा गंभीर. आणखी लोकर रंगवायची म्हणून भाजीवाल्याकडे गेलो आणि कांदे नकोत, नुसती सालं द्या, असं अत्यंत सभ्यपणे म्हटलं. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पिशवी भरून दिली. पुढच्या खेपेला सालींच्या तळाशी बटाटे निघाले. परत करायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या साहेब, दिवस फिरतात." नंतर त्याने तुझ्या भावजयीला बाजूला घेऊन, साहेबांची नोकरी आहे ना, असं हळूच विचारलं. (अबोला तेव्हापासूनचा आहे. तिच्या जागी मी असतो तर मीही धरला असता.)

एवढं होऊन लोकर पातेल्यातून बाहेर आली ती पिवळीधमक. रस्ता खोदणारे जाकीट घालतात ना, तशी. तुरटी वाढवली, कमी केली, सालं जास्त भिजवली. पिवळं ते पिवळंच. मी काटेकोर माणूस. डायरीत सालींचं वजन, पाण्याची उष्णता, ढगाळ हवा, सगळं लिहून ठेवलं होतं. भांडं कोणतं, तेवढं मात्र नव्हतं. न्हाणीघरात पिवळी लडी पिळता पिळता एकदम आठवलं: हिरवी लोकर आईच्या लोखंडी कढईत उकळली होती! आईनंतर ती नुसती पडून होती, म्हणून मी रंगाला घेतली, आणि गेल्या खेपेला तू ती घेऊन गेलीस. (काळजी करू नकोस, देण्याआधी घासली होती. 'ने, ने' असं मीच म्हणालो होतो. ते मनापासून होतं का, यावर मी बराच विचार केला. बहुतेक होतं.)

मग वाटायला लागलं, की तो रंग माझा नव्हताच. आईने इतकी वर्षं त्या कढईत जे काही शिजवलं, परतलं, करपवलं, तेच लोकरीत उतरलं. जेवताना मी हे बोलून दाखवलं. तुझ्या भावजयीने अबोला मोडला. "अहो, गंज आहे तो लोखंडाचा," ती म्हणाली, "सासूबाई नव्हेत." आणि अबोला पुढे चालू.

भाऊजींना नमस्कार सांग. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
धाकटा

ता. क. कढई आठेक दिवसांसाठी मिळेल का? निम्मी शाल तिच्यावाचून अडली आहे. घासू नकोस. घासली असलीस तर मला सांगू नकोस.

ता. क. २. हे पत्र तुझ्या भावजयीने वाचलं. म्हणते, खरं लिहा. खरं असं, की परवा नाक्यावरच्या भांड्यांच्या दुकानातून मी नवी लोखंडी कढई आणली, पिवळी लोकर तिच्यात उकळली, आणि तोच रंग आला. (ती म्हणते, उलट जरा जास्तच चांगला.) शाल विणून झाली आहे. तेव्हा कढईची तशी गरज नाही.

ता. क. ३. तरी घेऊन ये. कुरियरने पाठवू नकोस, लोखंड जड असतं. शिवाय शाल अजून मागावरच आहे. ती कापून उतरवायची तर एकाने कापड धरायचं आणि दुसऱ्याने कात्री चालवायची, म्हणजे घरात दोन माणसं हवीत. (तुझी भावजय माझ्या खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते आहे, "मी आहे की घरात." मला ते ऐकू आलेलं नाही.)