खांद्यावरचा घड

मंगळवार, फिजिओथेरपी केंद्र, देवपूर

यावलच्या नानांचा उजवा हात लकव्यानंतर हलतच नाही. आज खांद्याला ईएमजीच्या, म्हणजे स्नायूतली वीज टिपणाऱ्या, पट्ट्या लावून म्हटलं, हात उचला. पडद्यावर स्नायूची रेघ सपाट. कंटाळून त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला, "नाना, घड कापतोय, खांदा द्या." केळीच्या बागेत दोघांनी जन्मभर हेच केलं, हा कापायचा, नाना खांद्यावर झेलायचे. आणि रेघ उसळली. हात मात्र जागचा हलला नाही.

वायरला धक्का लागला असेल? पट्ट्या बदलल्या. हात उचला म्हटलं की सपाट, घड म्हटलं की पुन्हा उसळी. माझं मशीन चुकतंय, की मी सांगतेय तेच चुकीचं? रिपोर्टमध्ये काय लिहू? नानांना विचारलं, तर म्हणाले, "मी तर काहीच केलं नाही, ताई."

मग घड झेलला कोणी?